ओळख न ठेवणारं मशीन

एकदा माझ्याकडे एक छापील कागद आला. मला ज्याने कॉम्प्युटर विकले होते, त्या कल्याणच्या माणसाला तो कोणीतरी भरून आणायला दिला होता आणि त्याने तो माझ्या गळ्यात मारला. "तुमच्याकडे गिऱ्हाईक फार, वहिनी. वीसेक जणांना विचारा आणि खुणा करून द्या," म्हणाला. प्रश्न एकच होता: वेब ब्राउझरमध्ये तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं? खाली चौकोन होते. वेग, सोपेपणा, देखणेपणा, सुरक्षितता. शेवटी 'इतर' नावाचा एक चौकोन आणि त्यापुढे टिंबटिंब.

मी तो कागद मन लावून भरला. अर्धवट काम मला जमतच नाही. तरीही मी तो साफ चुकीचा भरला. तो कसा चुकला आणि मी तो नंतर कसा निस्तरला, याचा मला आजही अभिमान वाटतो. दोन पोरं वाढवली, घर बांधलं, त्याचाही वाटतो, पण ते सगळेच करतात.

माझं माहेर खर्डीजवळचं, भातशेतीचं घर. लग्न होऊन शहापूरला आले तेव्हा माझ्याकडे टायपिंगच्या दोन परीक्षा होत्या आणि कल्याणला जाऊन-येऊन केलेला कॉम्प्युटरचा कोर्स. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुनेला कॉम्प्युटर येतो हे तेव्हा पाहुण्यांना सांगायला बरं वाटायचं, बाकी त्याचा घरात काही उपयोग नव्हता. सासऱ्यांचं तहसील कचेरीसमोर खताचं दुकान होतं. त्यांनी ते बंद केलं आणि गाळा भाड्याने द्यायचं ठरत होतं. मी म्हटलं, मला द्या. चार दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी सासऱ्यांनी चावी माझ्यासमोर ठेवली आणि चप्पल घालून बाहेर पडले. तो होकार होता.

तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मध्ये प्लायवूडचे आडोसे, एवढाच माझा पसारा. पावसाळ्यात भिंतींना युरियाचा वास सुटायचा, तो शेवटपर्यंत गेला नाही. सुरुवातीला टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट चालायचं. तेव्हा एखादं पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक समोर जाऊन चहा पिऊन यायचं. पुढे ब्रॉडबँड आला आणि माझं दुकान खरं सुरू झालं. पाटीवर मी छान नाव रंगवून घेतलं होतं, पण ते कोणी वाचलं नाही. मुरबाडकडून येणाऱ्या माणसाने 'बाईचं कॉम्प्युटर' एवढं म्हटलं की रिक्षावाला बरोबर माझ्या दारात आणून सोडायचा.

तर तो ब्राउझर. इंटरनेट ज्या खिडकीतून दिसतं ती खिडकी, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचे. त्या खिडकीला एक सवय होती. तुम्ही नाव, पत्ता, ईमेल काहीही लिहिलंत की ती एक लहान पाटी पुढे करायची आणि इंग्रजीत विचारायची, हे लक्षात ठेवू का? हो की नाही?

"काय म्हनतो?" गिऱ्हाईक विचारायचं.

"लक्षात ठेवू का विचारतोय."

"मग ठेव म्हनावं. येवढं आपन होऊन इचारतोय, तर त्याला नाय कशाला म्हनायचं?"

आमच्याकडची माणसं अशीच. कोणी आपुलकीने काही विचारलं तर तोंडावर 'नाय' म्हणणं त्यांच्या जिवावर येतं, मग विचारणारं मशीन का असेना. माझ्या दुकानात त्या पाटीला 'नाही' असं उत्तर कोणी कधी दिलं नाही. पुढेपुढे तर मीच मागून हात घालून 'हो' दाबून टाकायचे.

मग गंमत सुरू झाली. पुढच्या खेपेला तोच माणूस आला आणि त्याने पहिलं अक्षर दाबलं की पूर्ण नाव आपोआप खाली उतरायचं. त्याचं त्यांना केवढं अप्रूप! कचेरीत ज्याला चार-चार हेलपाटे घालूनही कोणी नावाने ओळखत नव्हतं, त्याला माझ्या दुकानातलं मशीन एका अक्षरात ओळखत होतं. माणसं पाहुण्यांना घेऊन यायची, नुसतं ते दाखवायला. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतला एक तरुण भरतीचा निकाल बघायला यायचा. त्याने तर लग्न झाल्यावर नवी बायको आणून तिला दाखवलं. ती तोंडाला पदर लावून हसत सुटली.

म्हणून त्या छापील कागदावर मी काय लिहिलं असेल? विचारलं मी सगळ्यांना, प्रामाणिकपणे. एका निवृत्त गुरुजींनी सांगितलं, अक्षर मोठं दिसलं पाहिजे. भरतीवाला म्हणाला, "संध्याकाळची एकच गाडी हाय, ती सुटायच्या आत उघाडला पायजे." एकाला ब्राउझर म्हणजे काय हे कळलंच नव्हतं, तो म्हणाला, पंख्याखालचा चांगला. बाकी बहुतेकांचं उत्तर एकच: आमाला ओळखतो. मी 'इतर'च्या पुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'माणसाला लक्षात ठेवतो', आणि कागद कल्याणला पाठवून दिला. शहापूरच्या लोकांनी काहीतरी नवीन सांगितलं असं मला वाटलं. दोन दिवस मी हवेत होते.

मशीनच्या ओळखीचं सर्वांत जास्त कौतुक होतं ते एका दुकानदार काकांना. शहापूर-मुरबाड रस्त्यापासून आत एक गाव आहे, तिथे त्यांचं किराणा दुकान. गावाची टपालपिशवीही त्यांच्याच दुकानात उतरायची. पत्र कोणाचंही असो, आधी ते काकांच्या हाताखालून जायचं. बऱ्याचदा ते फोडायचे, वाचायचे आणि मग ज्याचं त्याला मजकुरासकट पोचवायचे. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं आणि काकांना जुन्या अकरावीपर्यंतचं इंग्रजी येत होतं. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला होता, तो ईमेलवर नातवाचे फोटो पाठवायचा. म्हणून काका दर बाजाराच्या दिवशी माझ्याकडे यायचे. बसायचे मधल्याच मशीनवर, कारण ते त्यांना ओळखायचं. आडनावाचं पहिलं अक्षर दाबायचे, हात मागे घ्यायचे आणि नाव खाली उतरलं की मागे वळून माझ्याकडे बघायचे. मीही हसायचे. माझ्या मशीनचं कौतुक ते माझं कौतुक.

त्याच काकांची एक पुतणी होती. बाप लहानपणीच गेलेला, आई आणि ती काकांच्याच घरात. काकांनी दोघींना सांभाळलं होतं, पोरीला बारावीपर्यंत शिकवलंही होतं, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही त्यांना भलतंच समजाल. पण बारावीनंतर त्यांचा हिशेब ठरलेला होता. मुरबाडकडचं एक चांगलं स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं. पोरीला व्हायचं होतं नर्स. आदल्या वर्षी तिने एका ठिकाणी नर्सिंगला अर्ज टाकला होता. मुलाखतीचं पत्र आलं ते काकांच्या दुकानात. तारीख उलटून गेल्यावर ते तिच्या हातात पडलं. "इसरलो गो," काका म्हणाले.

हे मला पोरीनेच सांगितलं, माझ्या काउंटरशी उभं राहून, एकदाही डोळे वर न उचलता. यंदा तिने पुन्हा अर्ज केला होता, मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात. तिला असा पत्ता हवा होता की जिथलं पत्र आधी तीच उघडेल.

"ताई, ईमेल कोन फोडत नाय ना?"

"कोणी नाही. पासवर्ड फक्त तुझा," मी छातीठोकपणे सांगितलं.

मी तिला पत्ता काढून दिला. आडनाव आधी, मग नाव, मतदार यादीत असतं तसं. मी सगळ्यांना तसेच पत्ते काढून द्यायचे. ती एरवी कोपऱ्यातल्या मशीनवर बसायची, तिथे मागून कोणाला दिसत नसे. पण एके दिवशी कोपऱ्यातला माउस बिघडला होता. तिची गाडी सुटायची वेळ झाली होती, म्हणून मीच तिला मधल्या मशीनवर बसवलं. नेहमीसारखी पाटी पुढे आली. मीच मागून हात घालून 'हो' दाबलं. एकदा नावासाठी आणि एकदा पासवर्डसाठी.

पुढच्या बाजाराच्या दिवशी काका आले. बरोबर त्यांच्या गावचे दोघे जण होते, त्यांना ती ओळख दाखवायची होती.

"आता बघा हां," म्हणत काकांनी अक्षर दाबलं आणि हात मागे घेतला. खाली दोन नावं उतरली.

पहिलं त्यांचं. दुसरं नाव ते एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचू लागले. आडनाव वाचलं, ते त्यांचंच होतं. मग पुढचं नाव वाचलं आणि त्यांचा आवाज खाली आला. बरोबरचे दोघे हसायचे थांबले. मी काउंटरवरून बघत होते. काकांनी माउस हलवला, दुसऱ्या नावावर नेला, दाबला. पासवर्डच्या जागी आपोआप काळे ठिपके उमटले. आता फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं आणि दुसऱ्यांची पत्रं फोडायला काकांचा हात काही नवखा नव्हता.

मेन स्विच माझ्या डोक्यावरच होता. मी हात वर केला आणि तो खाड्कन खाली ओढला.

तिन्ही मशीनं एकदम काळी पडली. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या, त्यामुळे क्षणभरही काही तग धरलं नाही. बाकीची गिऱ्हाइकं "गेली!" म्हणून ओरडली. लोडशेडिंगचे दिवस होते, दिवसातून चारदा वीज जायची, कोणाला त्याचं काही वाटलं नसतं. पण काका सावकाश उठून दारापाशी गेले आणि त्यांनी शेजारी डोकावून बघितलं.

"शिंप्याचा पंखा तर फिरतोय."

"त्याची फेज वेगळी आहे," मी म्हटलं.

काकांनी वर स्विचकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात अजून तिथेच होता. मी तो खाली आणून उगाच केस सारखे केले. मग ते बरोबरच्या दोघांना घेऊन निघून गेले आणि पुढच्या बाजाराला आले नाहीत.

पोरगीही आली नाही. त्या बाजाराला नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. महिनाभरात मुलाखतीचं पत्र येईल असं तिला कळवलेलं होतं आणि महिना सरत आला होता. तिच्या घरी फोन होता, पण तो काकांच्या दुकानात. मला घास गोड लागेना. मी तिला छातीठोकपणे सांगितलं होतं की कोणी फोडत नाही. तिने माझ्यावर विसंबून पत्र माझ्या दुकानात मागवलं आणि माझ्याच मशीनने तिला उघडं पाडलं. काकांनी निदान नुसती पत्रं फोडली. मी तर फोडायची सोय करून ठेवली होती.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी मधल्या मशीनवर जाऊन बसले. अक्षर दाबलं. दोन नावं उतरली. दुसरं निवडलं. ठिपके उमटले. आता एक बटण. पत्र आलं असेल तर तारीख कळेल, तारीख कळली तर निरोप धाडता येईल, तिचं वर्ष वाचेल. यात वाईट काय होतं? मी स्वतःला दहा वेळा विचारलं. आणि दहाही वेळा मला काउंटरशी डोळे खाली घालून उभी असलेली ती दिसत होती. तिच्या नावाचं एकही पत्र आजवर तिने आधी उघडलेलं नव्हतं. हेही मी उघडलं तर तिच्या लेखी मी आणि काका सारखेच.

मी खिडकी मिटली आणि उठले. आयुष्यात एवढं कठीण काम मी दुसरं केलेलं नाही, हे मी कोणालाही छाती पुढे काढून सांगेन. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी दुकानाला कुलूप लावून बाजारात गेले, तिच्या आईला शोधत.

आई रस्त्याच्या कडेला शेवळं या रानभाजीच्या जुड्या मांडून बसली होती. मी तिला त्याआधी एकदाच बघितलं होतं. मी समोर उकिडवी बसले, एक जुडी हातात घेतली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा.

"त्यो तिला बाहेर धाडत नाय," आई म्हणाली. "म्हनतो, त्या बाईचं मशीन चावडीवानी हाय, सगल्यांचं सगल्यांना सांगतं." मग तिने विचारलं, "पत्र आलंय काय पोरीचं?"

"मला माहीत नाही. मी उघडलं नाही."

"तुला उघडता येतं?"

"येतं."

"येतं, नि उघाडलं नाय?"

"नाही."

आईने जुड्यांवर पाणी शिंपडलं. एका गिऱ्हाइकाला भाव सांगितला. मग म्हणाली, "मशीनमधलं पुसता येतं का?"

"येतं. पण पुसलं की मशीन कोणाला ओळखणार नाही. लोकांना आवडतं ते."

"आवडू दे. आमच्यात पंगत उठली का पयली जागा सारवतात, मंगच दुसरी पंगत बसते. कोन काय जेवला, कोनी काय टाकलं, ते मागून येनाऱ्याला कशाला दिसाया पायजे?" आणि माझ्या हातातली जुडी तिने काढून घेतली, चांगली दोन जुड्यांची एक करून परत दिली. "उद्या आनते तिला. डोळे दाखवायला जाते म्हनून सांगते घरात."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. मी दार अर्धं ओढून घेतलं आणि पाठ फिरवून काउंटरशी उभी राहिले. मागून नुसता बटणांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. मग पोरगी म्हणाली, "आये, परवा हाय. परवा सकाळी दहाला."

मी वळून बघितलं तर आई पडद्यासमोर वाकून त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पोरीच्या नावाचं, पोरीने स्वतः उघडलेलं पत्र आहे एवढं तिला कळत होतं. मी ते छापून दिलं तेव्हा कागद तिने पदराला पुसलेल्या हातांनी घेतला. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

मग त्या बाईने मला सोडलं नाही. "आता सारव," म्हणाली.

मी तिच्यासमोर सारवलं. तेव्हा एका बटणावर होत नसे. भरलेली नावं वेगळी पुसायची, पासवर्ड वेगळे, बघितलेल्या पानांची यादी वेगळी. आई प्रत्येक वेळी विचारत होती, "झालं?" शेवटी तिने पोरीला सांगितलं, आता अक्षर दाब. पोरीने दाबलं. खाली काही उतरलं नाही. मग आई उठली.

मुलाखतीला आई स्वतः घेऊन गेली. परत आल्यावर तिनेच दिराला सांगितलं, मी नेली होती, तिला घेतली, ती जानार. काका आठ दिवस घरात धड जेवले नाहीत म्हणे. पण पोरगी गेली. मुरबाडच्या स्थळाला दुसरी मुलगी मिळाली, त्यांचंही काही अडलं नाही.

मी त्या दिवसापासून नियम केला. गिऱ्हाईक उठलं की मशीन सारवायचं, मग दुसरं बसवायचं. तिन्ही मशीनं, दिवसभर, एकही चुकवायचं नाही. आणि ती पाटी विचारायला आली की 'नाही' दाबायचं, हे मी माणसांना शिकवलं. ते शिकवणं सर्वांत अवघड गेलं. लोक रुसले. "ताई, ह्यानं आमाला टाकलं," म्हणाले. भरतीवाल्याने बायकोसमोर आपली लाज गेली म्हणून माझ्याशी भांडण काढलं. पुढच्या चौकात नवीन दुकान निघालं होतं, काही गिऱ्हाइकं तिकडे गेली. जाऊ दिली. त्यांच्या जागी हळूहळू बायका यायला लागल्या. कोणी नवऱ्याला न सांगता परीक्षेचा अर्ज भरायला, कोणी माहेरी पत्र लिहायला, कोणी डॉक्टरला जे विचारता येत नाही ते वाचायला. उठताना प्रत्येकीचा प्रश्न एकच असायचा, "ताई, सारवलं का?" कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत तेव्हा अशी किती दुकानं होती ते मला माहीत नाही. माझं होतं.

कल्याणच्या त्या माणसाला मी फोन केला. म्हटलं, माझा कागद परत पाठवा, उत्तर बदलायचंय.

"तो केव्हाच पुढे गेला, वहिनी."

"मग पुढे कळवा. 'इतर'च्या पुढे लिहा, विसरतो."

तो इतका हसला की मी फोन ठेवून दिला. त्याला बिचाऱ्याला काय कळणार!

तीन-चार वर्षं गेली. एका दुपारी, बाजाराचा दिवस नसताना, दारात काका उभे राहिले. मी त्यांना पटकन ओळखलंच नाही, एवढे ते उतरले होते. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. हातात प्लास्टिकची पिशवी आणि त्यात दवाखान्याचा रिपोर्ट. एकटेच आले होते.

माझ्या ओठांवर दहा वाक्यं तयार होती. इतकी वर्षं मी ती मनात घोळवली होती आणि माझी जीभ काही मवाळ नाही. पण त्यांनी पिशवी छातीशी धरली होती आणि मी काही वाचीन म्हणून रिपोर्टची छापील बाजू आत वळवली होती. ते बघितलं आणि मी नुसतं म्हटलं, "बसा काका. कोपऱ्यातलं मशीन घ्या. तिथे कोणाला दिसत नाही."

ते बसले. रिपोर्टवरचा एक शब्द एकेक अक्षर बघून त्यांनी मशीनमध्ये भरला आणि तासभर वाचत राहिले. मी तिकडे फिरकले नाही. उठून काउंटरशी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "सारवतेस म्हनं तू?"

"सगळ्यांचं."

"माझं पन?"

मी त्यांच्यासमोर सारवलं. ते बघत उभे राहिले. मग खाकरून म्हणाले, "गावात कोनाला ठावं नाय अजून. पुण्याला पन नाय सांगितलं. आमची पुतनी त्याच लायनीत हाय ना, तिला इचारलं असतं. तिचा त्यो ईमेलचा पत्ता तुझ्याकडं असंल."

"नाही काका."

"तूच तर काढून दिला होतास."

"काढून दिला. ठेवला नाही."

पत्ता फक्त तिच्या आईकडे असणार हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. तारीख उलटून गेल्यावर दिलेल्या त्या पत्राचं नाव एवढ्या वर्षांत घरात कोणी काढलं नव्हतं. काकांनी मान हलवली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडत होते तर ते पायरीवर बसलेले. हातात वहीचा चतकोर कागद, घडीवर घडी घालून मऊ झालेला. पोरीच्या अक्षरात तिचा पत्ता. पोरीच्या आईने लुगड्याच्या घडीत ठेवला होता, मागितल्यावर काढून दिला, असं त्यांनीच सांगितलं. वाटलं तर मी टाइप करून देते म्हटलं. त्यांनी नको म्हणून हात केला. कोपऱ्यातलं मशीन रिकामं होतं, तरी सवयीने मधल्यावर जाऊन बसले.

स्वतःच्या आडनावाचं पहिलं अक्षर त्यांनी दाबलं आणि पूर्वीसारखा हात मागे घेऊन थांबले. खाली काही उतरलं नाही. मग मागे वळले.

"आता वळखत नाय काय ह्यो मला?"

"नाही काका. आता कोणालाच ओळखत नाही."

"बरं हाय," काका म्हणाले आणि चष्मा वर सरकवून पुढचं अक्षर शोधू लागले.